चेक इंजिनचा दिवा परत लागला, आता ईसीएम बदलू का?

प्रश्न असा आहे: "२०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, ६४ हजार किलोमीटर झालेली. महिन्यापूर्वी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ कोड आला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. नऊ दिवसांनी दिवा परत लागला, कोड तोच. सकाळी गाडी थोडी खोकते, ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलंय. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं ईसीएम बदलावा लागेल. बदलू का? आणि तोवर गाडी चालवू का?"

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलू नका. खाली सांगतो त्या दोन गोष्टी बघून होईपर्यंत तर नाहीच.

मी पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम सव्वीस वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत खरोखर गेलेले ईसीएम बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. त्यातले बहुतेक पाण्यात बुडालेले, बॅटरी उलटी जोडून जळालेले किंवा बॅटरी न सोडता बॉडीला वेल्डिंग केल्याने मेलेले. रोज चालणाऱ्या धडधाकट गाडीचा ईसीएम एका कोडपुरताच बिघडला, असं माझ्या समोर अजून आलेलं नाही. "ईसीएम गेलाय" याचा गॅरेजच्या भाषेतला अर्थ बऱ्याचदा "मला कळत नाहीये" असा असतो. तसं सांगायला लाज वाटते, एवढंच.

गाडी चालवू का, हे आधी निकालात काढू. पिवळा दिवा एकसारखा लागलेला आहे, तापमान ठीक आहे, गाडी ओढतेय, तर चालवा. पण महिनोन्‌महिने ढकलू नका. तोच पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करा. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखादा सिलिंडर इतका मिस होतोय, की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेने वितळते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा असतो, त्यामुळे प्लगला ठिणगी देणाऱ्या हजारभर रुपयांच्या कॉइलसाठी किती मोठा खड्डा पडतो ते पार्ट्सच्या दुकानात एकदा विचारून बघा. लाल दिव्यांची गोष्टच वेगळी. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं मनातही आणायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं. तापमानाच्या लाल दिव्याला तेच, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बॅटरीचा लाल दिवा लागला तर लोक निवांत असतात, पण कित्येक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर चार्जिंगबरोबर कूलिंगही गेलं, म्हणून तेव्हा तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा.

आता तुमची गाडी.

पी०१७१ म्हणजे "मिश्रण पातळ आहे". गॅरेजमध्ये सगळे "लीन" म्हणतात. पूर्ण जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. किती पेट्रोल टाकायचं याचा हिशोब ईसीएम करतो, आणि तो बरोबर आला का हे एग्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर साधा असतो: धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट, उरला नसेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. "ऑक्सिजन उरलाय" असा निरोप आला की ईसीएम पेट्रोल वाढवतो, "उरला नाही" आला की कमी करतो. सेकंदाला एखाद-दुसऱ्या वेळी हे वर-खाली चालूच असतं. किती टक्के वाढवलं किंवा घटवलं याची तो खतावणी ठेवतो. स्कॅनरवर ती फ्युएल ट्रिम या नावाने दिसते: एक तात्पुरती, शॉर्ट टर्म, आणि एक कायमची, लाँग टर्म. उणे १० ते अधिक १० या घरात असेल तर गाडी निरोगी. अधिक २० च्या पुढे, २५ च्या आसपास गेली की ईसीएम हात टेकतो आणि दिवा लावतो: मी एवढं पेट्रोल वाढवतोय, तरी सेन्सर म्हणतोय पातळच आहे.

म्हणजे पी०१७१ हा सेन्सर बिघडल्याचा कोड नाही. सेन्सरने तक्रार केली आणि ती ईसीएमला पटली, एवढंच तो सांगतो. तुमच्या गॅरेजवाल्याने तक्रार करणाऱ्यालाच बदललं. नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं, यावरून जुना बहुधा खरं बोलत होता. मिळत असेल तर तो परत मागून घ्या, तुमच्या पैशाची वस्तू आहे.

मग नऊ दिवस दिवा का नाही लागला? कोड उडवताना ती खतावणीही बहुतेक वेळा कोरी होते. लाँग टर्म ट्रिम शून्यापासून पुन्हा हळूहळू चढते. शिवाय असा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लागतो. त्यामुळे काहीही बदला, अगदी वायपरची पाती बदला आणि कोड उडवा, दिवा आठवडाभर गप्प बसतो. या आठवड्यावर कित्येक गॅरेजं चालतात.

तुमच्या प्रश्नातला माझ्या कामाचा शब्द "ॲव्हरेज". नीट बघा. इंजिनला खरंच पेट्रोल कमी पडत असेल आणि ईसीएम ते भरून काढत असेल, तर शेवटी आत जाणारं पेट्रोल पाहिजे तेवढंच असतं. ॲव्हरेज फार पडायला नको. पण मिश्रण ठीकठाक असताना सेन्सरला भलतीकडून ऑक्सिजन मिळत असेल, तर ईसीएम उगाच पेट्रोल ओततो. इंजिन खरं तर जाड मिश्रणावर चालतं, कोड मात्र पातळचा येतो, आणि ॲव्हरेज बसतं. १७ वरून १४ म्हणजे हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून पहिली गोष्ट: स्पार्क प्लग काढून बघा. पैसे लागत नाहीत, पंधरा मिनिटांचं काम आहे. टोक पांढुरकं, कोरडं असेल तर मिश्रण खरंच पातळ आहे. काळं, काजळी धरलेलं असेल तर कोड "पातळ" म्हणतोय आणि प्लग "जाड" म्हणतोय. अशा वेळी मी प्लगचं ऐकतो. प्लगला ईसीएमशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगतो. काही वर्षांपूर्वी सासवडकडची एक गाडी अशीच आली, हाच कोड घेऊन. मीही आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा परत आला. इंजेक्टर साफ केले. दिवा परत. तिसऱ्यांदा मालक आले ते हात जोडूनच. म्हणाले, "दादा, गाडी इथेच ठेवतो, तुम्ही सवडीने बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर उघडलं आणि गाडी पुढे घ्यायला म्हणून सेल्फ मारला. बॉनेटखालून टिक-टिक-टिक, शिलाई मशीनसारखा आवाज. बॉनेट उघडून कान देईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली आणि आवाज बंद. इंजिन गार होऊ दिलं, दुपारी पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप) आणि सिलिंडर हेड यांच्यामधली गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, फुटली होती, एका टोकाचा स्टड तुटलेला. गार असताना तिथे फट असायची, तापलं की लोखंड फुगून फट बुजायची. सासवडहून दिवेघाट उतरून माझ्यापर्यंत येताना गाडी दरवेळी गरम झालेली असायची, म्हणून मला तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. उष्णतेचा पत्रा काढला तर सांध्यापाशी काजळीची बोटभर रेघ उमटलेली. आयडलिंगला एग्झॉस्टमध्ये दाब एकसारखा नसतो, ठोक्यांनी येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तिथून वीतभर पुढे. त्याला ऑक्सिजन दिसतो, तो इमानेइतबारे कळवतो. गॅस्केट काहीशे रुपयांची होती. तुटलेला स्टड काढायला अर्धा दिवस गेला. पहिल्या सेन्सरचे पैसे मी त्यांना परत केले.

तर तुम्ही असं करा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, बॉनेट उघडं ठेवून. टिक-टिक ऐकू येते का? येत नसेल तर कुणाला तरी ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा, इंजिन गार असेपर्यंतच. फट असेल तिथून फुसफुस स्पष्ट येते. सांध्यावर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. एग्झॉस्टवर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून बघण्याचा शहाणपणा करू नका.

इथे एक पोटविषय, कारण तुम्ही व्हिडिओ पाहिलेच असणार. बहुतेक व्हिडिओंत पी०१७१ म्हणजे व्हॅक्यूम लीक (इनटेकच्या पाइपच्या फटीतून चोरून शिरणारी हवा), असं ठोकून सांगतात. ते ज्या गाड्यांत आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो मीटर आहे त्यांच्यासाठी. तिथे मीटरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो मीटर नसतोच, मॅप सेन्सर असतो. तो इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपमधला, दाब मोजतो. फाटक्या पाइपमधून हवा शिरली तर दाबही वाढतो, ईसीएमला ते दिसतं, तो पेट्रोल वाढवतो. परिणाम काय, तर आयडलिंग चढतं, गाडी ९००–१००० आरपीएमवर गुरगुरत राहते, पण ट्रिम फारशी हलत नाही. म्हणून तुमच्या गाडीत मॅप असेल आणि आयडलिंग चढलेलं नसेल, तर व्हॅक्यूम पाइपच्या मागे लागण्याआधी एग्झॉस्ट बघा.

कुणाकडे लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर असेल तर ट्रिम दोन ठिकाणी बघायला सांगा: आयडलिंगला आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर. आयडलिंगला अधिक २५ आणि रेस केल्यावर ५–६ वर येत असेल तर फट. आयडलिंगला ठीक, पण रेस केल्यावर किंवा कात्रज, खंबाटकी चढताना वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: टाकीतला फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. तेव्हा प्रेशर गेज लावल्याशिवाय पंप बदलू देऊ नका. दोन्हीकडे सारखीच जास्त असेल तर इंजेक्टर, किंवा मॅप सेन्सर दाब कमी सांगतोय. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही यात थोडं अंग आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे ई-१० च्या जागी ई-२० आलं की ट्रिम ३–४ टक्के वर सरकते. तेवढ्याने दिवा लागत नाही. पण आधीच १८–२० वर लटकलेल्या गाडीला तो शेवटचा धक्का पुरतो.

तुमच्या गाडीपुरतं उत्तर इथे संपतं. पण "सेन्सर गेला" हे निदान ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून सेन्सर गेला की नाही हे ठरवायचं कसं तेही लिहितो. पुढे कधी तरी लागेल.

ईसीएमला जग दिसत नाही, व्होल्टेज दिसतं. कूलंटचं तापमान त्याच्या दृष्टीने ० ते ५ व्होल्टमधला एक आकडा. तो आकडा चुकीचा असण्याची कारणं तीन: सेन्सर खोटा, मधली वायर किंवा कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) खराब, किंवा सेन्सर खरा आणि जे मोजतोय तेच बिघडलेलं. स्कॅनरवरच्या कोडला यातलं कोणतं, हे कळत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं, आणि दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर ते इतकं सोपं आहे, की मी पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

चावी ऑन, इंजिन बंद. कूलंट सेन्सरचा कपलर काढा. स्कॅनरवर तापमान उणे ४० दिसायला हवं, आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, कारण ईसीएम घाबरून सुरक्षित बाजू घेतो. आता वायरच्या तुकड्याने कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडा. आकडा १३० च्या वर उडी मारतो. दोन्ही टोकं गाठली, म्हणजे ईसीएमपासून कपलरपर्यंत सगळं ठीक, दोष सेन्सरमध्ये. उणे ४० वरून हललाच नाही तर वायर तुटलीय. कपलर काढल्यावरही आकडा १३० वरच बसला तर वायर कुठेतरी सोलून अर्थ होतेय. बाजारातून एक रुपयाचा पार्ट न आणता निकाल. हा खेळ फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर. तीन वायरींच्या सेन्सरच्या पिना अशा जोडल्या तर ५ व्होल्टची लाइन अर्थ कराल आणि चालती गाडी बंद पाडाल.

आणखी सोपी चाचणी हवी असेल तर सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. एक २४ आणि दुसरं ४१ दाखवत असेल तर कुणीतरी थापा मारतंय.

"जे मोजतोय तेच बिघडलेलं" याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे पी०१२८. इंजिन वेळेत तापत नाही असा हा कोड, आणि त्यावर सर्रास कूलंट सेन्सर बदलला जातो. वीस मिनिटं हायवेला चालवून कूलंट ६०–६५ वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, उघडा अडकलाय. किंवा तो नाहीच. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे, "दादा, आता कधीच गरम होणार नाही." बरोबर, होत नाही. मग ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो, आणि मालक ॲव्हरेजला रडतो.

मॅप सेन्सर तपासायला तर निसर्गच गेज पुरवतो. चावी ऑन, इंजिन बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याच हवेचा दाब असतो. मुंबईत, समुद्रसपाटीला, तो १००–१०१ किलोपास्कल दिसायला हवा. पुणे ५६० मीटरवर, इथे ९४–९५. महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीचा मॅप १०१ दाखवत असेल तर गाडी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभी आहे, असं तिला वाटतंय. मग इंजिन सुरू केल्यावर आयडलिंगला ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवं.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर गेलेत असं कधीच समजू नका. त्या सगळ्यांत सामाईक काय ते शोधा. कित्येक सेन्सरना ईसीएम एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून खाऊ घालतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळे उपाशी. मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवायचा आणि एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो चोर. दुसरी सामाईक गोष्ट अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी लावून, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या पुढे दिसलं तर अर्थची पट्टी काढा, घासा, परत आवळा. आणि तिसरी बॅटरी. बसलेल्या बॅटरीने सेल्फ मारताना व्होल्टेज ९ च्या खाली गेलं की डॅशबोर्डवर दिवाळी होते, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग सगळे दिवे एकदम. स्कॅनर पंधरा कोड दाखवतो. उभ्या गाडीत १२.६, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५, हे दोन आकडे बघायच्या आधी मी कोणाच्याही गाडीला स्कॅनर लावत नाही. नव्या स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत दुसरा आकडा मध्येच खाली येतो, तेवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात माझं निम्मं काम उंदीर देतात. इंजिनची ऊब आणि वायरीचं कव्हर दोन्ही त्यांना आवडतं. पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहिलेली गाडी, चालू करताच दिवा, म्हणजे आधी टॉर्च घेऊन हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघायचा, लेंड्या आणि कुरतडलेलं कव्हर शोधायचं. उरलेलं बरंचसं काम प्रेशर वॉशरवाले देतात. इंजिनवर पाणी मारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर कपलर उघडून बघा, पिनांवर हिरवी बुरशी दिसेल. अशा वेळी सेन्सर बदलला तर काही दिवस चालतंही, कारण कपलर काढून-लावताना पिना घासल्या जातात. मग पुन्हा दिवा, पुन्हा सेन्सर. नवा सेन्सर आणण्याआधी जुनाच कपलर काढून, साफ करून, घट्ट लावून दोन दिवस चालवून बघा.

एक सेन्सर मात्र खरोखर मरतो, आणि मरताना छळतो: इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा क्रँक सेन्सर. गाडी तास-दीड तास चालली की बंद पडते, अर्धा तास थांबलात की काहीच झालं नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये येईपर्यंत गार, त्यामुळे सापडत नाही, कोडही नेहमी येत नाही. तापल्यावर आतल्या कॉइलची तार सुटते, गार झाल्यावर जुळते. पुढच्या वेळी बंद पडली की तिथल्या तिथे सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरून किंचितही हलत नाही, तर संशय क्रँक सेन्सरवर. सगळ्याच गाड्यांत काटा सेल्फवर हलत नाही, म्हणून आपल्या गाडीत एरवी हलतो का ते चांगल्या दिवशी बघून ठेवा.

एबीएसच्या दिव्याबद्दल एकच. व्हील बेअरिंग बदलल्यानंतर तो दिवा लागला असेल तर नवा सेन्सर घेऊ नका. आजकालच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते, दिसायला साध्या काळ्या सीलसारखी. बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरसमोर पट्टीच येत नाही. बेअरिंग परत काढावं लागतं, आणि एकदा काढलेलं पुन्हा बसवण्याजोगं राहत नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा मोठा विषय, थोडक्यात सांगतो. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला आत ५५०–६०० अंश लागतात. घर-शाळा-बाजार अशा पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच होत नाही. नुसता डीपीएफचा दिवा असेल तर हायवेला एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं चालवा. त्याबरोबर चेक इंजिनही लागला असेल तर उशीर झालाय, गॅरेज गाठा. आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते आत उतरलेलं डिझेल आहे. ऑइल बदला.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तुमच्या गाडीतही आहे. ब्लूटूथचा ईएलएम ३२७ डोंगल हजाराच्या आत मिळतो आणि मोबाइलवर कोड, ट्रिम, तापमान दिसतं. एबीएस-एअरबॅग त्यात बहुधा दिसणार नाहीत, चालेल. घ्या, पण कायमचा लावून ठेवू नका, बंद गाडीतही बॅटरी चाटत राहतो. आणि त्यातल्या "कोड उडवा" या बटणाला हात लावण्याआधी फ्रीझ फ्रेम उघडा. कोड पडला त्या क्षणी गाडी काय करत होती याचा तो फोटो असतो: आरपीएम, वेग, कूलंट, ट्रिम. कोडबरोबर तोही पुसला जातो. तुमच्या गाडीत त्यात वेग शून्य, आरपीएम सातशे-आठशे आणि कूलंट ३५–४० असेल, तर सकाळच्या गार आयडलिंगला कोड पडलाय, आणि माझा एग्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा संशय आणखी पक्का होईल.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा भांडू नका, फक्त विचारा: "दादा, सेन्सर खराब आहे हे कशावरून?" "कोडवरून" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. मीटरचा एखादा आकडा सांगितला तर तिथेच काम द्या, मजुरी थोडी जास्त असली तरी. ऑक्सिजन सेन्सरपुरतं बोलायचं तर मी स्वतः इनटेकमध्ये जरासा जळाऊ गॅस सोडून बघतो. व्होल्टेज झटकन ०.८ च्या वर जायला हवं. मग एक व्हॅक्यूम पाइप काढतो, ते लगेच, क्षणभर का होईना, ०.२ च्या खाली यायला हवं. दोन्हीकडे चपळाईने पळणारा सेन्सर निरोगी, मग तो कितीही किलोमीटर चाललेला असो.

उद्या सकाळी गार गाडीचा आवाज ऐका, सगळे प्लग काढून एका ओळीत, सिलिंडरच्या क्रमाने ठेवून फोटो काढा, आणि फ्रीझ फ्रेम मिळाली तर तिचाही. त्यातला एकच काळा असेल तर उत्तर थोडं बदलेल: मग आधी त्याच सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा, मिस कॉइलच्या मागे जातो का ते.